राखीव डबीतला लोंढा

मी एक जुना पत्ता आहे. बदाम, चौकट, किलवर यांच्या कुळातला नव्हे. ज्या खेळात प्रत्येक खेळाडू शेकडो निरनिराळ्या पत्त्यांतून साठ निवडून स्वतःचा संच जुळवतो, त्या खेळातला. माझे नाव लोंढा. माझ्या अंगावर दोन डोंगरांमधून धावत येणारी पाण्याची भिंत रंगवली आहे आणि तिच्याखाली दोन ओळी छापल्या आहेत : ‘मैदानावरचे दोन किंवा त्याहून कमी बळाचे सर्व शिपाई बाद. हा पत्ता समोरच्याच्या पाळीतही टाकता येतो.’ एवढेच माझे शिक्षण आणि एवढाच माझा धंदा. मित्रांनो, या दोन ओळींच्या भरवशावर मी सात वर्षे एका सामन्याची वाट पाहिली. त्याची हकीकत सांगतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. दोन पातळ कागद आणि त्यांच्या मधोमध काळा थर, अशी माझी घडण आहे. पत्ता दिव्यासमोर धरला तरी पलीकडचे दिसू नये, यासाठी तो थर असतो. एका मोठ्या तावावर माझी शंभराहून अधिक भावंडे ओळीने छापली गेली. मग सुरी फिरली, कोपरे गोल झाले, आणि ओळखीपाळखीचा विचार न करता आम्हांला बारा-बाराच्या गटाने चकचकीत पाकिटांत बंद केले गेले. मी तावाच्या अगदी कडेला होतो. त्यामुळे माझी डावी चौकट केसभर जाड आहे. हे व्यंग फक्त मोजपट्टी घेऊन बसणाऱ्याच्या लक्षात येते, आणि असा एक माणूस पुढे माझ्या आयुष्यात आलाच.

माझे पाकीट फुटले ते कवळ्या बनवण्याच्या खोलीत. जिने ते फोडले तिला मी धाकटी म्हणतो, कारण तिच्या घरी ती दोघी बहिणींतली धाकटी. दातांच्या डॉक्टरांकडून येणाऱ्या साच्यांवरून ती कवळ्या घडवते. फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण, छोटी ज्योत आणि तऱ्हेतऱ्हेच्या बारीक कोरण्या. जेवणाच्या सुट्टीत तिने पाकीट उघडले, आम्हां बाराजणांना पंख्यासारखे पसरले आणि माझ्यापाशी येऊन तोंड वाकडे केले.

“हे काय! हा तर सगळ्यांनाच बुडवतो. माझे शिपाईसुद्धा जातील की यात.”

टेबलाखालून आवाज आला, “टाकू नकोस हं तो.” तिथे धाकटीचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बेसिनचा पाइप उघडून बसले होते. ते नळदुरुस्तीचे काम करतात, आणि कवळ्यांच्या खोलीतले बेसिन प्लास्टरच्या गाळाने दर दोन महिन्यांनी तुंबतेच. हात पुसत ते बाहेर आले आणि त्यांनी मला वाचले. “राखीवात ठेव. एखादा पत्ता एकाच शत्रूसाठी जन्माला आलेला असतो. तो शत्रू भेटेपर्यंत निरुपयोगी, भेटला की सोनं.”

हा खेळ धाकटीला त्यांनीच शिकवला होता. माझा तो शत्रू कोण, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

दोन संच समोरासमोर आले की काय घडते, ते जरा नीट सांगतो. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. दोघांकडे वीस-वीस प्राण असतात. प्रत्येक फेरीला एक पत्ता ओढायचा आणि साठ्याचा एक पत्ता समोर मांडायचा. साठा जितका जास्त, तितका मोठा पत्ता टाकता येतो. वापरलेला साठा पुढच्या फेरीपर्यंत आडवा करतात, न वापरलेला उभा राहतो, आणि तो समोरच्याला दिसतो. भाऊजींच्या संचाचे नाव वणवा. त्यात निखारा नावाचे छोटे शिपाई, प्रत्येकाचे बळ दोन, म्हणजे अडवले नाहीत तर हल्ल्याला दोन प्राण नेणारे, पहिल्या फेरीपासून एकामागून एक येणारे; आणि जोडीला ठिणगी नावाचे पत्ते, प्रत्येकी एक प्राण जाळणारे. त्यांना सहाव्या फेरीच्या आत खेळ संपवावा लागतो, नाहीतर त्यांचे इंधन संपते. धाकटीच्या संचाचे नाव धरण. आठव्या फेरीला पाणहत्ती नावाचा अजस्र पत्ता उतरवायचा आणि तोवर कसेबसे तगायचे, ही त्याची रीत. म्हणजे दोघांचे भांडण मुळात वेळेवरून आहे. एकीला वेळ हवा असतो आणि दुसऱ्याला तो द्यायचा नसतो.

सामना तीन डावांचा. पहिला डाव मूळ साठ पत्त्यांनी होतो. त्यानंतर दोघांनाही आपापल्या दहा राखीव पत्त्यांतून हवे ते आत घेता येतात. मात्र जितके आत, तितके बाहेर. त्या दहांपैकी तीन आम्ही लोंढे होतो, तीन दगडी पहारेकरी होते, आणि उरलेले चार इतर संचांसाठी होते. पहारेकऱ्याचे बळ तीन. तो वाटेत उभा राहिला की निखारा त्याला ओलांडू शकत नाही.

राखीव पत्त्याचे आयुष्य म्हणजे पत्र्याच्या डबीतले आयुष्य. संचातले भाऊबंद रोज पिसले जातात, त्यांच्या प्लास्टिकच्या आवरणांवर ओरखडे उठतात; आमची आवरणे कोरी राहतात. कोरेपण ही आमच्यात अभिमानाची गोष्ट नाही. पाठीवरून पत्ता ओळखू येणे हा नियमभंग असल्यामुळे प्रत्येक सामन्याआधी धाकटी सत्तरच्या सत्तर आवरणे बदलायची. तेवढ्यापुरता तिचा हात लागायचा. मग झाकण बंद.

भाऊजी सलग पाच वर्षे आमच्या गावातून चार शहरांच्या स्पर्धेला गेले. गावातून एकच खेळाडू जातो. त्या पाचांपैकी तीन वेळा अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर धाकटी होती, आणि तिन्ही वेळा ती हरली. गेल्या वर्षी तर तिने घाबरून आठ राखीव पत्ते आत घेतले. परिणाम असा झाला, की हातात सगळे रोखणारेच आले आणि पाणहत्ती एकही आला नाही. मीही त्या हातात होतो. मला टाकायला चार साठे लागतात. तिच्यापुढे तीन उभे होते, आणि चौथा मांडायच्या आधीच तिचे प्राण संपले.

“कुंपण झकास घातलंस,” थोरली घरी येताना म्हणाली. “पेरायचं तेवढं राहिलं.”

मग या वर्षाच्या सुरुवातीला खेळ चालवणाऱ्यांची नवी यादी आली. जुन्या मालिकेतले पत्ते हंगाम संपताच अधिकृत सामन्यांतून बाद होणार होते. त्या मालिकेत मी होतो, पाणहत्ती होता, धरणाचा निम्मा संच होता. यंदाचा अंतिम सामना हा धरणाचा शेवटचा सामना ठरणार होता. जो जिंकेल त्याने चार शहरांच्या स्पर्धेसाठी नवा संच जुळवायचा. धाकटीने यादी वाचून घडी घातली.

“सात वर्षं बांधलंय हे धरण,” ती म्हणाली. “एकदा तरी त्यानं वणवा विझवलेला मला बघायचाय. नंतर नाही जमणार.”

मलाही नंतर नव्हते, मित्रांनो. भाऊजींसमोरच्या खऱ्या सामन्यात मैदानावर मी एकदाही उतरलो नव्हतो.

सरावासाठी तिने काकांना बोलावले. हे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते स्क्रूच्या कारखान्यात आटे तपासत असत. निवृत्तीनंतर तपासायला काही उरले नाही म्हणून ते घरातल्या कपांचे कानसुद्धा मोजतात, असे थोरली म्हणे. माझी डावी चौकट जाड असल्याचे पहिल्याच दिवशी त्यांनीच ओळखले आणि वहीत टिपले. कोऱ्या कागदाच्या साठ चिठ्ठ्या कापून, त्यांवर सुवाच्य अक्षरात निखारा, ठिणगी असे लिहून त्यांनी वणव्याची नक्कल तयार केली आणि ते धाकटीसमोर बसले. दीड महिन्यात एकशेवीस डाव झाले. काकांनी तक्ता मांडला : धाकटीचे विजय शेहेचाळीस, पराभव चौऱ्याहत्तर. सगळे डाव मूळ साठ पत्त्यांचे होते. आम्ही डबीतच.

चूक सापडली ती न खेळणाऱ्या माणसाला. थोरली चहा घेऊन आली आणि तक्त्याकडे पाहत उभी राहिली.

“काका, सामना किती डावांचा असतो?”

“तीन. दोन जिंकायचे.”

“आणि पत्ते बदलतात कधी?”

“पहिल्यानंतर.”

“म्हणजे मूळ पत्त्यांनी फक्त पहिलाच डाव. मग तोच एकशेवीस वेळा का खेळलात? लग्नाची तयारी म्हणून महिनाभर नुसती अक्षत टाकायचा सराव केल्यासारखं झालं हे.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एकशेवीस,” ते स्वतःशीच म्हणाले. “पोरी, कारखान्यात मी असा तपासनीस दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.”

आणि डबीचे झाकण उघडले. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. आता प्रत्येक डाव बदललेल्या पत्त्यांनी होऊ लागला. काका आधी वहीत लिहीत, ‘आत : लोंढे तीन. बाहेर : शिलालेख तीन,’ म्हणजे धरणातले वणव्यापुढे कुचकामी ठरणारे तीन पत्ते बाहेर, आणि मग पत्ते वाटत. चार उभे साठे दिसले की मी धाकटीच्या बोटांत थरथरायचो. चाळीस डावांत धाकटीने सव्वीस जिंकले. मग आमच्याऐवजी पहारेकरी घेऊन चाळीस डाव झाले. त्यांत सतराच विजय. मग दोन्ही, म्हणजे सहा पत्ते घेऊन तेवढेच डाव खेळून पाहिले, त्यांत पंधरा. काकांनी वहीत लाल रेघ ओढली : ‘सहा बदलले की संच स्वतःचे काम विसरतो. तीनच.’ लोंढे की पहारेकरी, याचा निकाल तक्त्याने दिला होता. मी मनातल्या मनात दगडी पहारेकऱ्यांची कीव करीत असे.

एके दिवशी काकांनी बाजू बदलायला लावली. चिठ्ठ्यांचा वणवा धाकटीने घेतला आणि काका धरण घेऊन बसले. तिसऱ्या डावात धाकटी मध्येच थांबली.

“गंमत बघा काका. तुमचे चार साठे उभे दिसले की माझा हात पुढे जात नाही. दोन निखारे हातातच धरून ठेवावेसे वाटतात. लोंढा आला तरी पुन्हा उभं राहता येतं.”

“पण मग वेग जातो तुझा.”

“जातो ना. मारतेय पण अर्ध्या जोरानं.”

“शेरा लिहून ठेवतो,” काका म्हणाले, आणि त्यांनी तो लिहिला. त्या शेऱ्याचा अर्थ त्या दिवशी तिघांपैकी कोणालाच पुरता कळला नाही. तिघांपैकी म्हणजे मी धरून.

यंदाही अंतिम सामन्यात धाकटी आणि भाऊजीच समोरासमोर आले. सामन्याची खोली एका चपलांच्या दुकानावर होती. लांबट, तीन खिडक्यांची, घडीच्या खुर्च्यांची. सकाळी दहाला पंचांनी दोघांचे पत्ते मोजले, आवरणे उलटसुलट पाहिली आणि घंटा वाजवली. धाकटीच्या मागे थोरली आणि काका. थोरलीने नेमके मधल्या खुर्चीत बसून जाहीर केले, की माहेर आणि सासर दोन्ही सांभाळायचे असल्यामुळे ती टाळ्या वाजवणार नाही.

पहिला डाव पाच फेऱ्यांत संपला. वणवा जसा पेटायला हवा तसा पेटला.

“मेहुणीबाई,” भाऊजी पत्ते गोळा करत म्हणाले, “धरणाला गळती आहे. येऊन बघू का?”

“गळती काढणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरी बघावं. माझ्या बहिणीच्या मोरीतला नळ महिनाभर टपकतोय म्हणे.”

“दीड महिना!” मागून आवाज आला.

“तू कुणाच्या बाजूनं आहेस?” भाऊजींनी मान उंचावून विचारले.

“नळाच्या.”

दुसऱ्या डावासाठी धाकटीने आम्हां तिघांना आत घेतले. आता आमच्या खेळातली एक रीत सांगतो. किती पत्ते बदलले हे समोरच्याला कळू नये, म्हणून राखीव दहाच्या दहा पत्ते आधी संचात मिसळायचे, सत्तर पत्ते एकत्र पिसायचे, आणि मग हवे ते दहा निवडून बाहेर काढायचे. समोरच्याला फक्त दहा गेले आणि दहा आले एवढेच दिसते.

त्या डावात चौथ्या फेरीला भाऊजींचे पाच निखारे मैदानात होते. धाकटीने चारही साठे आडवे केले आणि लोंढा टाकला. तो मी नव्हतो. माझा जुळा भाऊ होता. मी गड्डीत सात पत्ते खाली होतो. पाचही निखारे एका क्षणात बाद झाले. भाऊजी रिकाम्या मैदानाकडे पाहत राहिले, आणि दहाव्या फेरीला पाणहत्तीने डाव संपवला. मला भावाचा हेवा वाटला, हे लपवत नाही. पण एकेक डाव झाला होता. तिसरा उरला होता आणि तक्ता माझ्या बाजूने होता.

बदल करायला तीन मिनिटे मिळतात. दहाही राखीव संचात आले, सत्तर पत्ते पिसले गेले. मग धाकटीने पत्ते स्वतःकडे वळवले आणि निवडायला घेतले. तिची बोटे माझ्यावर आली आणि थांबली. कवळीवरचा शेवटचा दात बसवताना थांबतात तशी. बराच वेळ थांबली. नंतर तिने मला बाहेर काढले. माझ्या पाठोपाठ दोन्ही भावंडांना काढले. आमच्या जागी तीन पहारेकरी आत राहिले. डबीचे झाकण लागले तेव्हा मला वाटले, हिला भीतीने काही सुचत नाहीसे झाले आहे. सव्वीस सोडून सतरा कोणी निवडते का?

पुढचे मी डबीतून ऐकले. जे ऐकू आले नाही, ते काकांनी वहीत फेरीनिहाय टिपले होते आणि नंतर मोठ्याने वाचून दाखवले. दोन्ही जुळवून सांगतो.

भाऊजींनी सुरुवात केली. पहिल्या फेरीला एक निखारा, दुसरीला दुसरा. धाकटीचे प्राण तिसऱ्या फेरीत चौदावर आले. तेव्हा तिने पहिला पहारेकरी वाटेत उभा केला. आता वणव्याने काय करायला हवे होते? तिसरा, चौथा, पाचवा निखारा ओतून पहारेकऱ्याच्या दोन्ही बाजूंनी धावायला हवे होते. भाऊजींच्या हातात ते होते. चौथ्या फेरीला धाकटीने काहीच टाकले नाही. चार साठे उभे ठेवले, हातातल्या एका पत्त्यावर बोट फिरवले आणि म्हणाली, “तुमची पाळी.”

भाऊजींनी त्या चार साठ्यांकडे पाहिले. निखारा उचलला आणि परत हातात ठेवला.

“राहू दे. मला घाई नाही.”

“दुधानं तोंड पोळलंय,” मागे थोरली काकांच्या कानात पुटपुटली.

पाचव्या फेरीलाही तेच. सहाव्यालाही तेच. भाऊजी फेरीला एक ठिणगी टाकत, एक प्राण जाळत आणि निखारे हातात साठवत. वणवा म्हणत होता, की मला घाई नाही! डबीत मला हे ऐकून हसू यायला हवे होते, पण मी रागात होतो. सातव्या फेरीला धाकटीने दुसरा पहारेकरी उभा केला. सातपैकी तीन साठे आडवे झाले, चार पुन्हा उभेच. आठव्या फेरीला तिने आठही साठे आडवे करून पाणहत्ती उतरवला. तिचे प्राण तेव्हा नऊ होते.

आता एकही साठा उभा नाही आणि लोंढा येऊच शकत नाही, हे पाहताच भाऊजींनी साचवलेले चारही निखारे ओतले. पुढच्या पाळीला सहा निखारे एकदम चालून गेले. पहारेकऱ्यांनी दोन अडवले, हत्तीने एक तुडवला, तीन आत शिरले. नऊचे तीन प्राण राहिले. धाकटीने दुसरा पाणहत्ती मांडला आणि निखाऱ्यांची वाट कायमची बंद झाली. आता भाऊजींना फक्त तीन ठिणग्या हव्या होत्या. त्यांनी पत्ता ओढला. ठिणगी. दोन प्राण. हत्तीने त्यांचे आठ प्राण नेले. पुन्हा पत्ता ओढला. ठिणगी. एक प्राण. हत्ती पुन्हा चालून गेला. काकांनी या ठिकाणी वहीत काहीच लिहिलेले नाही. नुसता शाईचा ठिपका आहे. भाऊजींनी शेवटचा पत्ता ओढला, पाहिला आणि सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवला. तो साठा होता.

तेराव्या फेरीला पंचांची घंटा वाजली. भाऊजींनी हात पुढे केला. “छान खेळलीस. पण एक सांग. मी अख्खा डाव लोंढ्याची वाट बघत बसलो. एकदाही हातात आला नाही तुझ्या?”

“येणार कुठून? आत नव्हताच.”

तिने डबी उघडली. आम्ही तिघे एकावर एक तिथे होतो, आणि सर्वांत वर मी.

भाऊजी वाकून आम्हां तिघांना मोजू लागले. काका मात्र न राहवून पुढे झाले. “पोरी, तक्ता सव्वीस सांगत होता! पहारेकऱ्यांचे सतरा!”

“तक्ता बरोबरच आहे काका. पण डावाआधी वहीत तुम्हीच लिहायचात, लोंढे आत की बाहेर. तुम्हांला माहीत असायचं. तुम्ही कधी घाबरलाच नाहीत. भाऊजींना माहीत नव्हतं. पहारेकरी आत आणि समोरचा लोंढ्याला घाबरलेला, असा डाव आपण एकही खेळलो नव्हतो.”

काकांनी वही उघडली, एक कोरे पान काढले आणि त्यावर नुसते ‘एक’ लिहिले.

“अहो,” थोरली यजमानांना म्हणाली, “दाराला कुलूप बघून चोर परत फिरला, आणि कुलूप तर नुसतं अडकवलेलं!”

“चोर कुणाला म्हणतेस?” ते म्हणाले, पण हसले. मग त्यांनी मला उचलले. सात वर्षांपूर्वी ज्यांनी मला टाकू दिले नव्हते, त्यांचाच तो हात. त्यांनी माझ्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. “आता हा बादच होणार ना? मला देतेस? बदल्यात निखारा घे.”

धाकटीने हात पुढे केला आणि अदलाबदल झाली. ज्या संचाविरुद्ध मी जन्माला आलो, त्याच संचाच्या घरी मी राहायला गेलो. धाकटीने नवा संच जुळवला आणि ती चार शहरांच्या स्पर्धेला गेली. तिथे ती चौथी आली. भाऊजी सगळ्यांना सांगतात, की आमची मेहुणी चौथी आली. मोरीतल्या नळाबद्दल मात्र अजून काही सांगत नाहीत.

भाऊजींनी मला काचेत बसवले नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. जुन्या पत्त्यांतून त्यांनी घरच्या घरी एक धरण जुळवले. वणवा कसा हरला ते धरणाच्या बाजूने बसून पाहायचे आहे, असे ते म्हणाले. समोर वणवा घेऊन बसायला कोणीतरी हवे होते, तेव्हा थोरलीने पदर खोचला आणि ती बसली. तिला कोणी घाबरायला शिकवलेले नव्हते. चौथ्या फेरीला तिने पाच निखारे ओतले होते, आणि भाऊजींच्या हातात मी होतो.

अशा रीतीने जेवणाच्या टेबलावर, पंच नसताना, मी पहिल्यांदा चिठ्ठ्यांवर नव्हे, खऱ्या निखाऱ्यांवर पडलो.

“अगंबाई, सगळे गेले?” थोरली म्हणाली. “बरं, वाटा पुन्हा.”

दुसऱ्या डावातही तिने पाचही निखारे ओतले. भाऊजींनी आवर्जून सांगितले, की दोन हातात धरावेत, असा शहाणपणाचा संकेत आहे. तिने ऐकले नाही. या वेळी मी गड्डीच्या तळाशी होतो, आणि ती सहाव्या फेरीला जिंकली. मित्रांनो, त्या संध्याकाळपासून मी विचार करतो आहे. जो मला घाबरला, त्याला मी न येता हरवले. जी घाबरली नाही, तिला मी येऊन एकदा हरवले आणि न येऊन एकदा जिंकू दिले. यातला कोणता खेळ अधिक बरोबर, हे मला सांगता येत नाही. काका म्हणतात, किमान चाळीस डाव हवेत.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या कपाटात माझ्यासारखे बाद झालेले कोणी असतील, तर त्यांना रबर लावून ठेवू नका. रबर कोपरे खाते आणि उन्हाळ्यात चिकटते. ओल लागणार नाही अशा जागी त्यांना उभे ठेवा. आणि अधूनमधून बाहेर काढून, ज्याच्याशी नेहमी भांडता त्याच्या हातात द्या. त्याचे पत्ते तुम्ही घ्या. एक डाव तसा खेळून पाहा, आणि मग काय वाटले ते त्याला सांगा.